व्हीएस कोडमधे जावाएफएक्स बसवताना: लाल रेघेपासून पहिली विंडो उघडेपर्यंत

रविवारी सकाळी पोहे-जलेबी अजून पुड्यातच होती आणि भाची लॅपटॉप छातीशी धरून दारात उभी. सेकंड इयरला आहे, इंदूरला भंवरकुआंजवळ मैत्रिणींबरोबर रूम घेऊन राहते. म्हणाली, मावशी सरांच्या नोट्समधला कोड जसाच्या तसा टाकलाय, तरी जावाएफएक्सच्या इम्पोर्टच्या प्रत्येक ओळीखाली लाल रेघ येतेय, दोन दिवस झाले, मला वाटतं माझा लॅपटॉपच खराब आहे. लॅपटॉप चांगला होता, कोडही बरोबर होता. नोट्स तेवढ्या जावा ८ च्या काळातल्या होत्या आणि लॅपटॉपवर जावा २१ होतं, सगळी गडबड एवढ्यातच.

गेली आठ वर्षं मी जावामधेच काम करतेय आणि दरवर्षी कोणी ना कोणी हाच प्रॉब्लेम घेऊन येतं, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकू, कोणालाही वाचून आपापलं करता येईल असं. विंडोज आणि व्हीएस कोड हा एडिटर धरून लिहितेय कारण मुलांकडे बहुतेक तेच असतं, एक्लिप्स, लिनक्स, मॅकवाल्यांसाठी शेवटी थोडं आहे.

टाइप करायच्या गोष्टी मी इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिणार आहे. तुम्ही त्या इंग्रजी अक्षरांतच टाइप करायच्या, कमांड आणि सेटिंगच्या ओळी सगळ्या स्मॉल, जिथे कॅपिटल लागेल तिथे मी सांगेन, कोडमधली क्लास-मेथडची नावं मात्र तुमच्या नोट्समधे आहेत तशीच. डॅश, ठिपका, कॉमा मात्र जसे दिसतात तसेच्या तसे.

जुन्या नोट्स का चालत नाहीत

जावाएफएक्स म्हणजे जावामधे विंडो, बटनं, टेबलं, चार्ट बनवायची लायब्ररी. सन कंपनीने २००७ मधे हे नाव जाहीर केलं, तेव्हा त्याची स्वतःची वेगळी स्क्रिप्टची भाषा होती, ती पुढे सोडून दिली आणि २०११ च्या २.० पासून साध्या जावा कोडमधूनच ते वापरता यायला लागलं. जावा ८ आलं मार्च २०१४ मधे, तेव्हा ओरॅकलच्या जेडीकेमधे, म्हणजे जावा कंपाइल करायच्या आणि चालवायच्या संचात, जावाएफएक्स आतच असायचं. जावा टाकलं की ते आलंच, वेगळं काही करायचंच नसायचं, म्हणून त्या काळातल्या कुठल्याही नोट्समधे "लायब्ररी जोडा" ही पायरीच सापडत नाही. मग सप्टेंबर २०१८ मधे जावा ११ आलं आणि ओरॅकलने जावाएफएक्स जेडीकेमधून बाहेर काढलं. ते बंद झालेलं नाही, उलट ओपनजेएफएक्स नावाने जोरात चालू आहे आणि ग्लुऑन ही कंपनी त्याच्या तयार झिप फायली देते, फक्त आता आपण स्वतः आणून जोडावं लागतं.

आणि हो, सिलॅबसमधे स्विंग, म्हणजे जावाची विंडो बनवायची जुनी लायब्ररी, लिहिलेलं असेल तर यातलं काहीच करायचं नाही, स्विंग अजून जेडीकेच्या आतच आहे. आधी सिलॅबस बघा, एका मुलाने आख्खी संध्याकाळ जावाएफएक्स बसवण्यात घालवली आणि परीक्षेला होतं स्विंग.

दोन ठिकाणी सांगायचं असतं

घाईत असाल तरी एवढा भाग वाचाच, बाकीच्या पायऱ्या मग आपोआप कळतात.

घरात लग्न असलं की आचाऱ्याला वेगळं सांगावं लागतं आणि मांडववाल्याला वेगळं. आचाऱ्याला तारीख सांगितली म्हणून मांडववाला आपोआप येत नाही. इथेही तसंच आहे. लायब्ररी कुठे ठेवलीय ते एकदा एडिटरला सांगायचं, म्हणजे कोड लिहिताना त्याला क्लास ओळखता येतात आणि कंपाइल होतं. आणि दुसऱ्यांदा सांगायचं प्रोग्राम चालवणाऱ्या जावाला, म्हणजे रनच्या वेळी. एडिटरला सांगितलं नाही तर लाल रेघ. जावाला सांगितलं नाही तर लाल रेघ नाही, सगळं स्वच्छ दिसतं, रन दाबलं की खाली एरर. बहुतेक मुलं पहिलं करतात, लाल रेघ गेली म्हणून खूश होतात आणि मग दुसऱ्या एररला पहिल्याच जागी उपाय शोधत बसतात, जार, म्हणजे लायब्ररीच्या फायली, पुन्हा जोडतात, काढतात, व्हीएस कोड परत इन्स्टॉल करतात. म्हणून काही अडलं की सगळ्यात आधी स्वतःला विचारा, हे कोण बोलतंय, एडिटर की जावा?

पायरी १: जेडीके कुठलं आहे ते बघा

कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि टाइप करा: जावा -व्हर्जन. मग टाइप करा: जावासी -व्हर्जन. दोन्हीकडे एकच आकडा यायला हवा आणि तो १७ किंवा त्याच्या पुढचा हवा. जावा म्हटलं की ८ आणि जावासी म्हटलं की २१ असं आलं तर मशीनवर दोन जावा आहेत आणि जुनं पाथमधे, म्हणजे विंडोज प्रोग्राम शोधतं त्या यादीत, पुढे बसलंय, "व्हेअर जावा" टाइप केलं की कुठली कुठली आहेत ते ओळीने दिसतं, सगळ्यात वरचं चालतं. जुन्याची गरज नसेल तर सरळ अनइन्स्टॉल करा.

नवीन टाकायचं असेल तर २१ टाका, ही सप्टेंबर २०२३ ची लाँग टर्म सपोर्टवाली आवृत्ती आहे आणि शिकायला पुरेशी नवी आहे. ॲडॉप्टियमचं टेमुरिन टाका किंवा ओरॅकलचं, शिकण्यापुरता काही फरक पडत नाही. टेमुरिनच्या इन्स्टॉलरमधे मधेच एक यादी येते, त्यात "सेट जावा होम व्हेरिएबल" च्या पुढे लाल फुली असते, तिथे क्लिक करून ते चालू करा, पुढे कधी ना कधी लागतंच. इन्स्टॉल झालं की आधीचा कमांड प्रॉम्प्ट बंद करून नवा उघडायचा, जुन्याला नवा पाथ कळत नाही.

पायरी २: जावाएफएक्सचं एसडीके आणा

ग्लुऑनच्या साइटवर जावाएफएक्सचं डाउनलोड पान आहे. तिथे आवृत्ती, ऑपरेटिंग सिस्टिम, आर्किटेक्चर आणि टाइप असं निवडायचं असतं. आवृत्ती २१ घ्या. जेडीके आणि जावाएफएक्सचा आकडा सारखाच हवा अशी सक्ती नाही, पण जावाएफएक्स २१ ला कमीत कमी जेडीके १७ लागतं आणि त्याच्या पुढच्या आवृत्त्यांना आणखी नवं लागत जातं, म्हणून नवीन माणसाने दोन्हीकडे २१ ठेवावं, डोक्याला ताप नको. सिस्टिम विंडोज, आर्किटेक्चर एक्स६४, आणि टाइपमधे एसडीके. तिथेच जेमॉड्स नावाचा दुसरा टाइप दिसतो, तो घ्यायचा नाही, तो वेगळ्या कामाचा आहे.

झिप आली की राइट क्लिक करून एक्स्ट्रॅक्ट ऑल. झिपवर नुसतं डबल क्लिक करून आत बघितलं तर फोल्डर उघडल्यासारखं वाटतं पण ते अजून झिपमधेच असतं, यात पुष्कळ जण फसतात. आणि ठेवताना डेस्कटॉपवर किंवा वनड्राइव्हच्या आत ठेवू नका. सी ड्राइव्हवर "जावाएफएक्स" नावाचं फोल्डर करा आणि एक्स्ट्रॅक्ट झालेल्या फोल्डरच्या आतलं सगळं त्यात टाका. पाथमधे स्पेस नको, देवनागरी नाव नको, "न्यू फोल्डर २" तर अजिबात नको. हा काही टापटिपीचा हट्ट नाही, स्पेस आली की पुढच्या पायरीत कोट्सच्या आत कोट्स घालावे लागतात आणि तिथे सगळ्यांचं चुकतं.

आता ते फोल्डर उघडून जरा निवांत बघा. आत बिन, लीगल आणि लिब अशी तीन फोल्डरं दिसतील. लिबमधे जार फायली आहेत: जावाएफएक्स.बेस, जावाएफएक्स.ग्राफिक्स, जावाएफएक्स.कंट्रोल्स, जावाएफएक्स.एफएक्सएमएल, मीडिया, स्विंग, वेब. बेस म्हणजे पाया, ग्राफिक्स म्हणजे विंडो आणि चित्र काढणारा भाग, कंट्रोल्समधे बटनं, लेबलं, टेबलं, एफएक्सएमएल म्हणजे वेगळ्या फाइलमधे लिहिलेली स्क्रीन वाचणारा भाग. बिनमधे डीएलएल फायली आहेत, त्या विंडोजशी बोलतात, खरी विंडो स्क्रीनवर त्याच काढतात. म्हणजे नुसत्या जार उचलून दुसरीकडे नेल्या तर अर्धीच लायब्ररी नेली, हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पायरी ३: व्हीएस कोडमधे प्रोजेक्ट

एक्स्टेन्शनमधे "एक्स्टेन्शन पॅक फॉर जावा" शोधा, मायक्रोसॉफ्टचं आहे, ते टाका. चार जीबी रॅमचा लॅपटॉप असेल तर पहिल्यांदा खूप वेळ घेतं, खालच्या पट्टीत जावा रेडी असं येईपर्यंत थांबा, त्याच्या आधी दिसणाऱ्या लाल रेघांना काही अर्थ नाही.

मग कंट्रोल शिफ्ट पी दाबा, "जावा: क्रिएट जावा प्रोजेक्ट" निवडा, त्यात "नो बिल्ड टूल्स", मग जागा आणि नाव. तयार प्रोजेक्टमधे एसआरसी आणि लिब अशी फोल्डरं येतात आणि एसआरसीत ॲप नावाची एक जावा फाइल. इथून पुढे नेहमी फाइल मेनूतून ओपन फोल्डर करून आख्खा प्रोजेक्टच उघडायचा. सुटी जावा फाइल उघडली तर एडिटरला प्रोजेक्ट कळत नाही, लायब्ररीही कळत नाही.

आता एडिटरला सांगायचं, म्हणजे आपला आचारी. डावीकडे एक्सप्लोररच्या तळाशी "जावा प्रोजेक्ट्स" असं असतं, ते उघडा, प्रोजेक्टच्या आत "रेफरन्स्ड लायब्ररीज" दिसेल, त्यावर माउस नेला की अधिकचं चिन्ह येतं. ते दाबा, सी ड्राइव्हच्या जावाएफएक्समधल्या लिबमधे जा आणि सगळ्या जार निवडा. तिथे एसआरसी नावाची झिप दिसली तर ती निवडायची नाही.

तुम्ही म्हणाल की प्रोजेक्टमधे लिब फोल्डर आहेच, जार तिथेच कॉपी करू. करता येतं, लाल रेघ जातेही, भाचीनेही आधी तेच केलं होतं. पण डीएलएल मागे राहतात आणि मग रनच्या वेळी वेगळंच काहीतरी येतं. म्हणून जार जिथे आहेत तिथेच राहू द्या, फक्त पत्ता द्या.

पायरी ४: जावाला सांगा

हा मांडववाला. डावीकडे रन अँड डीबगचं चिन्ह दाबा, तिथे "क्रिएट अ लाँच.जेसन फाइल" अशी लिंक असते, ती दाबून जावा निवडा. .व्हीएसकोड नावाच्या फोल्डरात लाँच.जेसन तयार होते. तिच्यात बहुतेक वेळा दोन कप्पे असतात, एकाचं नाव "करंट फाइल" आणि दुसऱ्याचं "ॲप". दोन्हींमधे एक ओळ वाढवायची:

"व्हीएमआर्ग्स": "--मॉड्यूल-पाथ सी:/जावाएफएक्स/लिब --ॲड-मॉड्यूल्स जावाएफएक्स.कंट्रोल्स,जावाएफएक्स.एफएक्सएमएल"

व्हीएमआर्ग्स एकच शब्द आहे, व्ही एम स्मॉल, मग ए कॅपिटल, बाकी स्मॉल. मॉड्यूल म्हणजे लायब्ररीचा एकेक भाग, ते कुठे आहेत आणि कुठले हवेत एवढंच ही ओळ सांगते. या ओळीत चुका व्हायच्या जागा पुष्कळ आहेत म्हणून एकेक सांगते.

मॉड्यूल पाथच्या आधी दोन डॅश, ॲड मॉड्यूल्सच्या आधीही दोन, आणि शब्दांच्या मधे एकच. पाथ लिबपर्यंत द्यायचा, नुसता जावाएफएक्सपर्यंत नाही. पाथमधे उलटी रेघ न घालता सरळ तिरकी रेघ घाला, विंडोजवरही चालते, कारण जेसनमधे उलट्या रेघेचा अर्थ वेगळा होतो आणि ती दोनदा लिहावी लागते. कंट्रोल्स आणि एफएक्सएमएलच्या मधल्या कॉमानंतर स्पेस सोडायची नाही. मराठी लिहिताना कॉमानंतर स्पेस सोडायची आपल्याला इतकी सवय असते की बोट आपोआप जातं, पण इथे स्पेस पडली की जावाला वाटतं एफएक्सएमएल हे तुमच्या प्रोग्रामचंच नाव आहे आणि तो मेन क्लास सापडत नाही म्हणून ओरडतो. आणि शेवटचं, आधीच्या ओळीच्या शेवटी कॉमा आहे का बघा, नसेल तर आख्खी फाइलच लाल होते.

ही ओळ व्हॉट्सॲपवरून किंवा वर्डच्या नोट्समधून कॉपी करू नका, हातानेच टाइप करा. तिथे दोन डॅशचा एक लांब डॅश होतो आणि सरळ कोट्स वळतात, डोळ्याला काही फरक दिसत नाही पण जावाला तो पर्याय न वाटता क्लासचं नाव वाटतं. क्लासच्या ग्रुपमधे सगळ्यांना एकच एरर येतोय, भिया सगळ्यांचंच अडलंय, असं कोणी म्हटलं की मी आधी विचारते की ओळ कुठून घेतली.

प्रत्येक प्रोजेक्टमधे हे करायचं नसेल तर व्हीएस कोडच्या सेटिंगमधे "जावा.डीबग.सेटिंग्ज.व्हीएमआर्ग्स" असं एक आहे, तिथे तीच ओळ टाकली की सगळ्या प्रोजेक्टना लागू होते. पण शिकताना मी तरी लाँच.जेसनच वापरा म्हणेन, फाइल डोळ्यासमोर राहते, काय सांगितलंय ते दिसतं.

पायरी ५: पहिली विंडो

आपल्याकडे इंदूरला सानंद संस्थेच्या नाटकांना गेलेली मंडळी असतील त्यांना हे लगेच समजेल, कारण जावाएफएक्समधली नावं खरंच रंगभूमीवरून घेतलेली आहेत. विंडोला म्हणतात स्टेज, म्हणजे रंगमंच. त्यावर एका वेळी जे दिसतं ते सीन, आपण नाटकात प्रवेश म्हणतो ना तेच. आणि सीनवर बटनं, लेबलं ही पात्रं, त्यांना कोण कुठे उभं राहणार ते लेआउट सांगतो. व्हीबॉक्स म्हणजे एकाखाली एक, एचबॉक्स म्हणजे शेजारी शेजारी. प्रवेश बदलायचा असेल तर रंगमंच पाडून नवा बांधत नाहीत, तसंच स्क्रीन बदलताना नवी विंडो न उघडता त्याच स्टेजवर दुसरा सीन लावायचा.

ॲप फाइलमधे क्लास ॲप एक्स्टेंड्स ॲप्लिकेशन असं करा. मेनमधे फक्त एकच ओळ, लाँच, कंसात आर्ग्स. खरं काम स्टार्ट नावाच्या मेथडमधे, तिला स्टेज मिळतो. त्यात एक लेबल बनवा, एक बटन बनवा, दोन्ही व्हीबॉक्समधे टाका, तो व्हीबॉक्स नव्या सीनमधे टाका, रुंदी ३०० उंची २०० द्या, स्टेजवर सेटसीन करा आणि सगळ्यात शेवटी शो. शो विसरलात तर एरर येत नाही, विंडोही येत नाही आणि प्रोग्राम मात्र चालूच राहतो, मग माणूस भलतीकडेच शोधत बसतो.

भाचीचा प्रोजेक्ट फराळाच्या ऑर्डरींचा होता. सुदामा नगरला आमच्या एक काकू दिवाळीत चकली, अनारसे, चिवडा करून देतात आणि वहीत ऑर्डरी लिहितात, तिला ती वही स्क्रीनवर आणायची होती. म्हणून पहिल्या बटनावर आम्ही "चकली अर्धा किलो" लिहिलं आणि लेबलवर आकडा, बटन दाबलं की आकडा एकने वाढतो, त्यासाठी बटनावर सेटऑनॲक्शन लावायचं. बटनावर मराठी बिनधास्त लिहा, जोडाक्षरं नीट दिसतात. व्हीएस कोड फाइल यूटीएफ-८ मधेच ठेवतो आणि जावा १८ पासून जावाचंही मूळ एनकोडिंग तेच झालंय. खालच्या काळ्या टर्मिनलमधे मराठी प्रिंट केलं आणि प्रश्नचिन्हं आली तर तो टर्मिनलचा दोष, विंडोचा नाही.

एक ठिकाण जपून. बटन टाइप केलं की एडिटर इम्पोर्ट सुचवतो, यादीत एकाच नावाची दोन बटनं असतात, एक जावा.एडब्ल्यूटी चं आणि एक जावाएफएक्स.सीन.कंट्रोल चं. घाईत एंटर दाबलं की कधी कधी पहिलं येतं आणि मग व्हीबॉक्सच्या ओळीवर एरर येतो की बटनाचं नोडमधे, म्हणजे सीनवर ठेवता येणाऱ्या वस्तूत, रूपांतर होत नाही. माणूस व्हीबॉक्सची ओळ बघत बसतो आणि चूक वर इम्पोर्टमधे असते. लेबल, कलर, फॉन्ट, ॲक्शनइव्हेंट सगळ्यांचं असंच, सगळे इम्पोर्ट जावाएफएक्सनेच सुरू होताहेत ना, एकदा वरून खाली नजर फिरवा.

रन केलं आणि नाही चाललं तर

सगळ्यात जास्त दिसणारी ओळ: "जावाएफएक्स रनटाइम कंपोनंट्स आर मिसिंग". भाची म्हणाली, मिसिंग कशा, जार तर जोडल्यात ना मावशी. तिचं बरोबर होतं. होतं असं की रेफरन्स्ड लायब्ररीत जोडलेल्या जार रनच्या वेळी क्लासपाथवर, म्हणजे जावा क्लास शोधतं त्या जुन्या पद्धतीच्या यादीत, जातात, पण तुमचा मेन क्लास ॲप्लिकेशनला एक्स्टेंड करत असेल तर जावा सुरुवातीलाच बघतं की जावाएफएक्सचं ग्राफिक्स मॉड्यूल, मॉड्यूल म्हणून लोड झालंय का. क्लासपाथवरच्या जार तो त्यात मोजतच नाही. म्हणून वस्तू घरात असूनही नाही म्हणतो. उपाय पायरी ४ चा आहे, जार परत जोडणं हा नाही. ओळ टाकलीय तरी हेच येतंय तर तुम्ही चालवताय कुठला कप्पा ते बघा, रन अँड डीबगच्या वरच्या ड्रॉपडाउनमधे करंट फाइल आहे की ॲप, आणि ओळ दोन्हीत आहे का. आणखी एक, कोड रनर नावाचं एक्स्टेन्शन टाकलेलं असेल तर वर उजवीकडचा त्रिकोण त्याचा असू शकतो, तो लाँच.जेसन बघतच नाही, स्वतःच जावासी चालवतो आणि जावाएफएक्सचं पॅकेजच नाही म्हणतो. जावाच्या कामापुरतं ते बंद ठेवा आणि मेनच्या वर जी बारीक अक्षरात रन अशी लिंक येते ती वापरा.

"मॉड्यूल जावाएफएक्स.कंट्रोल्स नॉट फाउंड" आलं तर खूश व्हा, जावाने तुमचं ऐकलंय, फक्त पत्ता चुकलाय. दहातले नऊ वेळा शेवटचं लिब राहिलेलं असतं, नाहीतर झिप उघडताना फोल्डरच्या आत त्याच नावाचं फोल्डर झालेलं असतं.

"अनसपोर्टेड क्लास व्हर्जन" आणि पुढे ६१, ५५ असे आकडे दिसले तर ते गणित सोपं आहे, आकड्यातून ४४ वजा करा. ५२ म्हणजे जावा ८, ५५ म्हणजे ११, ६१ म्हणजे १७, ६५ म्हणजे २१. ६१ ची फाइल आहे आणि चालवणारा ५५ पर्यंतच ओळखतो असं लिहिलेलं असेल तर अजून जुनं जावा ११ चालतंय. कंट्रोल शिफ्ट पी मधे "जावा: कॉन्फिगर जावा रनटाइम" उघडून प्रोजेक्टला २१ लावा. इथे अजून एक लक्षात घ्या, व्हीएस कोडचं जावा एक्स्टेन्शन स्वतःच्या कामासाठी स्वतःचं वेगळं जावा बाळगतं, त्यामुळे एडिटर नीट चालतोय म्हणजे प्रोजेक्टचं जावाही तेच आहे असं नसतं.

आणि "नो सुटेबल पाइपलाइन फाउंड", त्याच्या आधी ग्राफिक्स डिव्हाइस इनिशियलाइज झालं नाही असं काहीतरी. याला घाबरून ग्राफिक्स कार्डाचे ड्रायव्हर टाकायला किंवा सिल्व्हर मॉलला मशीन दाखवायला पळू नका. आधी बघा की मॉड्यूल पाथ कुठल्या लिबकडे जातोय. प्रोजेक्टमधल्या कॉपी केलेल्या लिबकडे असेल तर तिथे डीएलएल नाहीतच, विंडो काढणार कोण? पाथ मूळ एसडीकेच्या लिबकडे वळवा, शेजारी बिन आहे म्हणून डीएलएल सापडतात.

काही जण सांगतात की एक वेगळा लाँचर क्लास बनवा जो ॲप्लिकेशनला एक्स्टेंड करत नाही आणि त्यातून ॲपचं मेन बोलवा, मग मॉड्यूल पाथ लागत नाही. खरं आहे, तो वरचा चेक टळतो, पण मग अनसपोर्टेड कॉन्फिगरेशनची वॉर्निंग येत राहते. उद्या सबमिशन आहे आणि रात्रीचे बारा वाजलेत तर करा, एरवी नको.

एक्लिप्स, लिनक्स, मॅक

एक्लिप्समधे गोष्टी त्याच दोन, जागा वेगळ्या. विंडो, प्रेफरन्सेस, जावा, बिल्ड पाथ, युझर लायब्ररीज मधे नवी लायब्ररी करून लिबमधल्या जार त्यात घाला आणि ती प्रोजेक्टच्या बिल्ड पाथला जोडा. प्रोजेक्ट बनवताना मॉड्यूल-इन्फो तयार करायची खूण काढून टाका, सुरुवातीला ते नको. मग रन कॉन्फिगरेशन्स, आर्ग्युमेंट्सचा टॅब, तिथल्या खालच्या व्हीएम आर्ग्युमेंट्सच्या चौकोनात तीच ओळ. वर प्रोग्राम आर्ग्युमेंट्सचा चौकोन आहे, त्यात टाकली तर काही उपयोग नाही, दोन्ही चौकोन सारखेच दिसतात म्हणून सांगतेय. मॅकवर तिथेच एक्सस्टार्टऑनफर्स्टथ्रेडची खूण असते, ती काढा.

मॅक नवा, म्हणजे ॲपलच्या चिपचा असेल तर जेडीके आणि जावाएफएक्स दोन्ही एआर्च६४ चंच घ्या, एक हे आणि एक एक्स६४ असं चालत नाही. उबंटूवर पॅकेज मॅनेजरमधून ओपनजेएफएक्स टाकलं तर जार यूएसआर, शेअर, ओपनजेएफएक्स, लिब इथे जातात, पाथ तिथला द्या.

हे सगळं टाळायचा एक रस्ता आहे. ॲझुलचं झुलू आणि बेलसॉफ्टचं लिबेरिका यांची जावाएफएक्ससकट असलेली जेडीके मिळतात, झुलूमधे एफएक्सवालं निवडायचं आणि लिबेरिकात फुल. ते टाकलं की जावा ८ च्या काळासारखं, काही जोडायचंच नाही. लॅबमधे चाळीस मशीनवर बसवायचं असेल तर मी हेच करेन. पण स्वतःच्या लॅपटॉपवर एकदा तरी हाताने जोडा, नोकरीत दुसरी कुठलीही लायब्ररी आली तरी हेच दोन प्रश्न येतात, कंपाइलला कुठे सांगितलं आणि रनला कुठे. पुढे प्रोजेक्ट मोठा झाला, दोन-तीन जण मिळून करायला लागले की मेव्हन नावाच्या बिल्ड टूलवर जा. त्यात लायब्ररीचं नाव आणि आवृत्ती एका फाइलमधे लिहायची, ती स्वतः डाउनलोड होते, डीएलएल त्या जारच्या आतच असतात, आणि प्रत्येकाच्या मशीनवर सी ड्राइव्हचा पाथ सारखा असायची गरज राहत नाही.

चाललेला पहिला प्रोजेक्ट मात्र तसाच कोरा ठेवा, त्याची कॉपी करून पुढचं काम करा. भाचीने तेच केलंय. परवा फोन आला होता, काकूंसाठी आता टेबल लावतेय, नाव, फोन नंबर, काय हवं आणि किती, बुकिंग दिलं की नाही याची खूण. सीन बिल्डरने स्क्रीन काढायचं म्हणतेय, ग्लुऑनचंच आहे, फुकट आहे, माउसने बटनं ठेवता येतात आणि ते एफएक्सएमएल फाइल बनवतं. एफएक्सएमएलचं मॉड्यूल आपण त्या ओळीत आधीच टाकलंय, त्यामुळे तिला लाँच.जेसनला हात लावावा लागणार नाही.